बसा की जरा!

गुरुवार

कराड सोडलं की महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकामागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला लाल कापड आणि पुढे मोठ्या आवाजात गाणी. फेब्रुवारीत हा रस्ता साखर कारखान्यांचाच असतो. त्यात जागोजागी रस्त्याचं काम. तावडे हॉटेलपाशी शहरात वळेपर्यंत अंधार पडला. कावळा नाक्याला घोड्यावरच्या महाराणी ताराराणींचा पुतळा दिसला, तेव्हा कुठे पोचल्यासारखं वाटलं.

मावशीचं घर मंगळवार पेठेत. दार उघडंच होतं. "आलीस व्हय? हात-पाय धू, च्या ठेवतो," एवढंच बोलून ती आत गेली. जेवणाच्या वेळी चहा का, असं विचारायची सोय या घरात नाही.

मी पुण्यात सार्वजनिक जागांचे आराखडे करते. बागा, बसथांबे, चौक. नव्या वस्त्यांमध्ये पैसे न देता बसता येईल अशी जागाच राहत नाही, ही माझी जुनी खंत. चहा घ्या, मग खुर्ची मिळेल. बाकांना मधोमध लोखंडी दांडे लावायचे, म्हणजे कुणी आडवं होणार नाही. बसथांब्यावर टेकायला एक तिरकी पट्टी, तीही उन्हात. कोल्हापूर लहानपणापासून पाहिलेलं, पण ते फक्त मावशीचं गाव म्हणून. या वेळी हे शहर कुठे आणि कसं बसतं ते बघायचं ठरवून आले होते.

शुक्रवार

सकाळी सात वाजता गल्लीतल्या तालमीच्या पायऱ्या भरलेल्या होत्या. दोन आजोबा एकच 'पुढारी' वाटून वाचत होते, एकाकडे बाहेरची पानं, दुसऱ्याकडे आतली. तिसरे नुसतेच येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय म्हंतंय?" असं विचारत होते. आत लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, वरच्या खोलीत फुटबॉलचे चषक. कोल्हापूरच्या तालमीत कुस्ती तर असतेच, पण पेठेचा गणपती, पेठेचा फुटबॉल संघ, रक्तदान, महापुरात जेवणाची सोय, हे सगळं तिथूनच हलतं. पायरीची उंची मी टेप लावून मोजली. साधारण दीड फूट. खोली एवढी की माणूस बसला तरी मागून दुसऱ्याला जाता येतं. कुण्या गवंड्याने ठरवलेलं हे माप आमच्या पुस्तकातल्या मापाइतकंच अचूक आहे.

मिसळ खायला मावसभावाबरोबर गेले. टेबलं लांबलचक, जागा दिसेल तिथे बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. माझ्या एका बाजूला भाजीचा टेम्पो लावून आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला वकिलाचा काळा कोट. मटकीची उसळ, फरसाण, कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड, वर कट आणि सोबत स्लाइस ब्रेड. कट वाढणारा पोरगा बादली घेऊन फिरत असतो आणि तुम्ही हात आडवा केल्याशिवाय थांबत नाही. त्या लांब टेबलामुळेच टेम्पोवाले आणि वकील बोलायला लागले. विषय सर्किट बेंचचा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे गावात येऊन बसणारं खंडपीठ, ऑगस्ट २०२५ मध्ये इथे सुरू झालं, त्याआधी कित्येक वर्षं सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार त्यासाठी लढले. टेम्पोवाल्यांच्या जमिनीच्या खटल्याची तारीख आता मुंबईला जाऊन घ्यावी लागत नाही. "एक दिवसाचं काम, ताई. भाडं चुकत न्हाई," ते मला म्हणाले.

भवानी मंडपातून अंबाबाईच्या देवळात. दर्शनाची रांग मोठी होती. मी आवारातल्या ओवरीत बसून राहिले. काळ्या दगडाची ती भिंत उन्हाने तापायच्या आत गार लागते, म्हणून सकाळी तिथे बायकांची गर्दी. गजरे ओवणं, लेकराला भरवणं, नुसतंच टेकणं, कुणी उठवत नाही.

किरणोत्सव नुकताच झाला होता. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर सरकत शेवटच्या दिवशी मुखावर. देऊळ पश्चिमाभिमुख आहे म्हणून हे घडतं, पण किरणं पोचायची तर देवळाबाहेरचं शहरही वाटेतून बाजूला असावं लागतं. महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं करून ती रेघ बोटाने दाखवली. कुठल्या गच्चीची टाकी आड येते, कुठल्या इमारतीचा कोपरा, कुठला पत्रा. दरवर्षी अभ्यासक मोजमाप करतात, अडथळ्यांवर चर्चा होते, काही निघतात, काही तसेच राहतात. बांधकामाच्या उंचीचे नियम पोथीत वाचण्यापेक्षा त्या पायरीवरून चटकन समजतात. प्रकाशाच्या एका वाटेसाठी अख्खा रस्ता बांधील आहे, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटते. ती वाट पूर्ण मोकळी झाली पाहिजे, हे इथे ठामपणे लिहून ठेवते.

दुपारी टाऊन हॉल. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाची ही इमारत, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली. नवा राजवाडा त्यांचाच आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचा. आत संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती बघायला मी खास गेले. समुद्रापासून घाटाने तोडलेल्या गावात समुद्राचा देव! सातवाहनांच्या काळात रोमशी चालणाऱ्या व्यापारात तो इथवर आला. मूर्ती इतकी छोटी आहे की घाईने जाणारा माणूस तिच्यापाशी थांबणारच नाही. तिच्यासाठी वेगळं कपाट आणि नीट दिवा हवा.

बाहेर बागेत झाडाखाली कॉलेजची मुलं-मुली अभ्यासाची वही उघडून गप्पा मारत होती.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, गवळी समोर धार काढतात, फेसाचा पेला हातात येतो. कोमट, गोडसर, ओठाला फेस. आखाड्यातून आलेली पोरं एकामागून एक पेले संपवत होती. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू तोंड फिरवत होता, आजोबा म्हणाले, "पी रं, मग बसू जरा." पेला संपल्यावर दोघं खरंच शेजारच्या दगडावर बसले, बराच वेळ.

शनिवार

सकाळी दसरा चौक. या चौकातून फिरताना मला नेहमी कोल्हापूरचा खरा आराखडा इथे आहे असं वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, दलित अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. त्यातली कितीतरी या चौकात आणि आसपास आहेत. खेड्यातल्या पोराला शाळा मिळूनही शहरात झोपायला आणि जेवायला जागा नसेल तर शाळेचा उपयोग नाही, इतका साधा हिशोब त्यामागे होता. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच माणसाने मुलांच्या राहण्याचीही व्यवस्था केली, हे एकत्र बघितल्याशिवाय त्यांचं काम कळत नाही.

भाऊसिंगजी रोडवरून परत येताना गंगाराम कांबळे आठवले. महाराजांच्या पदरी काम करणारा दलित माणूस. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला चहाचं दुकान काढायला मदत केली आणि लोक तिथे येईनात, तेव्हा स्वतः गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा घ्यायला सुरुवात केली, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. कागदावरच्या हुकमाने जे होत नाही ते एका चहाच्या दुकानापुढे थांबून त्यांनी करून दाखवलं. सार्वजनिक जागेची याहून चांगली व्याख्या माझ्या अभ्यासक्रमात कुणी शिकवली नाही. कुणीही कुणाशेजारी बसलं तरी चालतं ती जागा.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आज त्या चौकाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत आणि पुतळ्यांपेक्षा फ्लेक्सवरचे चेहरे मोठे आहेत. कोल्हापूरच्या दगडी कमानी, लाकडी सज्जे आणि जुन्या पाट्या या फ्लेक्समागे गेल्या आहेत. पेठांवर एवढं प्रेम असणाऱ्या तरुण मंडळांनी हे स्वतःहून थांबवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी मनावर घेतलं तर एका आठवड्यात शहराचा चेहरा मोकळा होईल.

दुपारी चप्पल करणाऱ्या एका कुटुंबाकडे गेले. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात दगड, रापी आणि आरी. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवायचे, खिळा नाही. तळाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणारा 'कान' पट्ट्याला धरून ठेवतो, तो आधी नीट बसला तरच चप्पल पायात बसते. वेणी घालायचं बारीक काम घरातल्या बायका करतात. आई आणि सून दाराशी उजेडाला बसून वेण्या घालत होत्या, हातांकडे न बघता.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला मूळ कुठलं ते सांगितलं नाही, तेव्हा इथे संताप झाला. पुढे कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. या घरात मी तो विषय काढला, तर त्या बाई म्हणाल्या, "नाव घेतलं ते बरं झालं. पर पोरं ह्या कामाला बसत न्हाईत, त्याचं काय?" मजुरी नीट मिळाली तर मुलं बसतील. मानांकनाचा खरा कस तिथे लागणार आहे. मी पूर्ण भावात एक जोड घेतला, घासाघीस न करता, आणि इतरांनीही तसंच करावं असं मला वाटतं.

चार वाजता मावसभाऊ दारात. "ताई, चल की मॅचला. आज बसायला जागा घावंल."

कोल्हापूरचा फुटबॉल हा पेठांचा फुटबॉल आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, यातली बहुतेक नावं तालमींची आणि मंडळांची. शाहू स्टेडियममधला सामना लहान संघांचा होता, तरी पायऱ्या चांगल्या भरल्या होत्या. खुर्च्या नाहीत, पायऱ्याच. त्यामुळे पाच माणसांच्या जागेत सात बसतात आणि कुणी कुरकुरत नाही. शेंगदाण्याची पुडी रांगेतून हातोहात पुढे जाते. चुकीच्या पासला जे शब्द ऐकू येतात ते इथे लिहिता येणार नाहीत, पण पडलेल्या खेळाडूला उठवायला विरुद्ध संघाचा गोलरक्षक धावला तेव्हा दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. अनिकेत जाधव याच गावचा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. माझ्या शेजारच्या शाळकरी पोराने त्याचं नाव घरातल्या मोठ्या भावाचं घ्यावं तसं घेतलं.

मुली थोड्या होत्या. वरच्या पायरीवर एक घोळका, त्यातल्या दोघींच्या अंगात संघाचे टी-शर्ट. मी त्यांच्यात जाऊन बसले.

सामना संपल्यावर चालत खासबागेत. शाहू महाराजांनी १९१२ च्या सुमारास हे कुस्तीचं मैदान बांधलं. युरोपच्या प्रवासात रोमचं प्राचीन कलोसियम पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. मधोमध आखाडा, भोवती गोल चढत जाणारा मातीचा उतार, आणि मध्ये एकही खांब नाही. राजा कुठे बसला आणि हमाल कुठे, लाल माती दोघांना सारखीच दिसते. मी उतारावर सगळ्यात वर जाऊन बसले. खाली दोन पोरं जोर मारत होती, त्यांचे श्वास वरपर्यंत ऐकू येत होते.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती होती. मावसभाऊ त्या रात्री रस्त्यावर उभा होता. म्हातारे कलाकार रडत होते आणि त्यांना धरून उभं राहण्यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं, असं तो सांगत होता. पुन्हा बांधकाम सुरू आहे. जुना आवाज, जुनी बैठक आणि खांबाविना असलेली ती दृष्टी जशीच्या तशी परत यायला हवी. नाट्यगृह म्हणजे फक्त छप्पर नव्हे, हे या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बाहेर भेळ खाल्ली. उभ्यानेच.

रविवार

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढे रांग असते आणि त्या रांगेत आठवड्याच्या बातम्या कळतात. २०१९ मध्ये दर वाढले तेव्हा कसबा बावड्यातून लोकांनी दरवाढीविरोधात आंदोलन केलं होतं, त्याची आठवण अजून निघते.

घरात मावशीने आधी मटण अळणी शिजवून घेतलं. त्यातलंच पाणी काढून एका पातेल्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजूची गोळी असा पांढरा रस्सा, दुसऱ्यात कांदा-लसणाची चटणी घालून तांबडा. सुकं वेगळं. लहान भाचीला अळणीच. माणसं वाढली तसा रस्सा वाढला, शेजारचे दोघे "वासावर आलो" म्हणत आले आणि सहज पंगतीत बसले. रस्सा वाटीने प्यायचा असतो. हॉटेलातल्या थाळीत पांढरा रस्सा नाजूक पेल्यात शोभेला ठेवलेला दिसतो, तो मला मान्य नाही. पातेलं शेजारी हवं आणि वाढणारं माणूस आग्रही हवं.

जेवणानंतर दारात गप्पा चालल्या होत्या. समोर तालमीच्या पायऱ्या, परत भरलेल्या. मी मावशीला विचारलं, "तू कधी बसलीस गं त्या पायरीवर?"

"मी कशाला बसतो तिथं? मी उंबऱ्यात बसतो."

लग्न होऊन आल्यापासून ती त्या पायरीसमोर राहते. पायरीवरचं एकूण एक माणूस तिला ओळखतं, तिच्या हातचा चहा प्यायलेलं आहे. आणि ती कधी तिथे बसलेली नाही. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. मी शुक्रवारपासून ज्या कट्ट्यांचं कौतुक करत होते ते पुन्हा डोळ्यांपुढून गेले. दूध कट्टा, तालीम, स्टेडियमच्या पायऱ्या. बायका दिसल्या त्या देवळाच्या ओवरीत, बागेत, आणि वेण्या घालत दाराशी. शाहू महाराजांच्या गावात, चहाच्या दुकानाने जात मोडायला घेतली त्या गावात, तालमीची पायरीही मावशीची व्हायला हवी. त्यासाठी बांधकाम लागत नाही. पेठेतल्या मुलींचा फुटबॉल संघ त्या पायरीवर बसून बूट बांधायला लागला की बरंच काही आपोआप होईल.

संध्याकाळी तिला पंचगंगेवर घेऊन गेले. घाटावरच्या देवळांच्या भिंतींवर पाण्याच्या जुन्या रेघा दिसतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. हे दोन आकडे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हे सगळे आकडे मागे पडले. मावशी शांतपणे म्हणाली, "तालमीत चार दिवस सैपाक केला आम्ही. दोनशे माणसांचा." म्हणजे तालमीच्या आत ती गेली होती, रांधायला.

तिथून रंकाळा तलावावर. शालिनी पॅलेसच्या मागे सूर्य उतरत होता, कठड्यावर माणसांची लांबच लांब ओळ. इथे मात्र सगळ्या. सुना, सासवा, जोडपी, कणीस खाणाऱ्या मैत्रिणी, एकट्या बसलेल्या शिक्षिका. रंकाळ्याचा कठडा रुंद आहे, पाण्याकडे तोंड करूनही बसता येतं आणि रस्त्याकडेही. मावशीने चप्पल काढली, पाय वर घेतले, मांडी घातली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना विचारलं, "कुठल्या पेठेतल्या?" पुढचा एक तास मला बोलायला जागा मिळाली नाही.

सोमवार

निघताना मावशीने गुळाची ढेप, काकवीची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घातली. गल्लीत दोन घरांच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडायला सुरुवात झाली होती, ब्याडगी आणि संकेश्वरी. मार्चमध्ये चटणी कुटायला डंकावर, म्हणजे मिरची कांडपाच्या यंत्रावर, नंबर लावायचे. तिथे गल्लीतल्या सगळ्या बायका डबे घेऊन दिवसभर बसतात, शिंकत, डोळे पुसत, गप्पा मारत. मावशीने मला तारीख सांगितली आणि रजा काढायला बजावलं.

"रिकामा डबा घिऊन ये. मोठा. आणि तुझी ती मापायची टेप पण आण, डंकापुढं बसायला काय न्हाई. नुसतं पोत्यावर बसतो आम्ही. तेवढं काय तरी काढून दे कागदावर."